‘आज रात्री प्लाझ्मा येतोय’: त्या मेसेजचं काय करायचं?

कोकणातल्या गावोगावच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरतोय: ‘सूर्यातून सुटलेला जळता प्लाझ्मा आज रात्री 12.30 ते 3.30 किनारपट्टीवरून जाणार. नासाच्या संगणकाने वेळ काढली आहे. मोबाईल उशाशी ठेवू नका, होड्या बाहेर काढू नका.’

जळता? प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू; सूर्यातून तो सतत वाहत असतो, त्यालाच सौर वारा म्हणतात. त्याचं तापमान लाखभर अंश असतं, हे खरं. पण पृथ्वीजवळ त्यात घनसेंटिमीटरला जेमतेम पाच-दहा कण असतात. तेवढ्यावर पापडसुद्धा भाजणार नाही. शिवाय हे कण विद्युतभारित, त्यामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बहुतेकांना साठेक हजार किलोमीटरवरूनच वळवून लावतं.

आणि रात्रच का? सूर्यातून सुटलेला प्लाझ्माचा मोठा ढग पृथ्वीवर आदळला की तिचं चुंबकीय क्षेत्र डळमळतं, तेच सौर वादळ. 2 सप्टेंबर 1859 च्या अशा महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) घसरलं, तेही भर दिवसा. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी 1904 मध्ये अलिबागला हलवली. म्हणजे वादळं मोजणारं ठिकाण कोकणातच आहे, पण मेसेजवाल्याला नासाच आठवते.

खरी गोम त्या वेळेत आहे. एकेका कणाचा हिशेब कुठल्याच संगणकाला झेपत नाही. म्हणून सूर्यापासून पृथ्वीपर्यंतच्या प्रवासासाठी प्लाझ्माला वीजवाहक द्रव मानून गणित मांडतात. स्वीडनचे भौतिकशास्त्रज्ञ हान्नेस आल्फवेन यांना 1970 चं नोबेल याच विषयासाठी मिळालं. ढगाचा सुरुवातीचा वेग आणि दिशा मात्र दुरून काढलेल्या चित्रांवरून अंदाजाने घ्यावी लागते, त्यामुळे पोहोचण्याच्या वेळेत दहा-दहा तासांची चूक नेहमीची. वादळ किती जोराचं, हे त्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, वळलेलं आहे का यावर ठरतं. ते नीट कळतं ढग पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर, म्हणजे सूर्याचा अभ्यास करणारं आपलं यान आदित्य-एल1 आहे त्या टापूत आल्यावर. हाताशी उरतो तासभर, कधी त्याहूनही कमी. ‘साडेबारा ते साडेतीन’ कुठून आणणार?

मोबाईलचं म्हणाल तर वादळाने प्रवाह उठतात ते शेकडो किलोमीटरच्या वीजवाहिन्यांत. मार्च 1989 मध्ये कॅनडाच्या क्वेबेकमध्ये नऊ तास वीज गेली ती अशी. खिशातल्या यंत्रात तेवढी लांब तार कुठे आहे?

होड्यांच्या बाबतीत थोडं तथ्य आहे. वादळात आयनमंडल, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, ढवळलं की जीपीएसचं वाचन चुकू शकतं. तेव्हा नाखवाने खडकाळ खाडीत शिरताना नुसत्या स्क्रीनवर विसंबू नये, दीपगृह आणि खुणांवरही नजर ठेवावी. होडी काढायची की नाही, हे मात्र हवामान खात्याचा इशारा पाहून ठरवावं.