केंद्राध्यक्षांना भेटल्याशिवाय परत फिरू नका

मतदान केंद्राच्या फाटकावरून तोंड पाडून घरी जाणारी माणसं मला बघवत नाहीत. शिक्षकाच्या नोकरीत निवडणुकीची ड्युटी भरपूर केली, कधी मतदान अधिकारी म्हणून, कधी केंद्राध्यक्ष म्हणून. त्या अनुभवावरून माझं मत झालंय की आपल्या सोलापुरात, त्यातही पूर्व भागात, कितीतरी मतं फक्त एवढ्यामुळे जातात की कुणीतरी म्हणतं, "तुमचं होत नाही, जावा." असं म्हणणारा बहुतेक वेळा बाहेर टेबल टाकून बसलेला कार्यकर्ता असतो, नाहीतर फाटकावरचा बंदोबस्ताचा माणूस. तुम्हाला नाकारायचा अधिकार या दोघांनाही नाही. निर्णय केंद्राध्यक्षांचा, आणि त्यांनाही नियम दाखवावा लागतो.

टेबलावरची स्लिप मिळाली नाही म्हणून परत जाणारे तर दर निवडणुकीत दिसतात. ती स्लिप फक्त यादीतला अनुक्रमांक शोधायला असते, ओळखीचा पुरावा म्हणून ती चालतच नाही. मतदार कार्ड हरवलं असेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, दिव्यांगांचं यूडीआयडी, यातलं काहीही चालतं. अट एकच, यादीत नाव पाहिजे. कार्डावर नावाच्या स्पेलिंगची किरकोळ चूक असेल तर तेवढ्यावरून परत पाठवता येत नाही. आपल्याकडच्या तेलुगू आडनावांचं यादीत काय काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

खरा घोळ होतो घर बदललेल्यांचा. विडी कामगारांची किती कुटुंबं शहरातून कुंभारीला राहायला गेली! घर तिकडं, यादीतलं नाव मात्र जुन्या पत्त्यावर. मग बीएलओ, म्हणजे त्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी, दारात येतो, कुलूप बघतो आणि नाव 'एएसडी' यादीत जातं, म्हणजे गैरहजर, स्थलांतरित आणि मयत यांची यादी. एकदा माझ्या केंद्रावर अशाच एक मावशी आल्या. केंद्रात बसलेल्या एका उमेदवाराच्या एजंटनं लगेच हात वर केला, "सर, ह्या आता हितं राहत नाहीत." मावशी गप्प उभ्या. हातात पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार. एएसडी यादीत नाव असणं म्हणजे नाव कटणं नव्हे. ओळख नीट तपासायची, ठरलेलं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, सहीबरोबर अंगठाही घ्यायचा आणि मतदान करू द्यायचं, असा नियम आहे. त्यांचा अंगठा मी रजिस्टरवर घेतला तेव्हा तंबाखूनं पिवळी झालेली बोटं थरथरत होती. "साहेब, केस तर नाही ना होणार?" हे त्यांनी दोनदा विचारलं. आपलंच मत द्यायला आलेल्या बाईला पोलीस केसची भीती वाटावी, हे मला आजही सहन होत नाही.

एजंटला तुमच्या ओळखीवर आक्षेप घेता येतो, पण त्यासाठी त्याला केंद्राध्यक्षांकडे २ रुपये भरावे लागतात. मग चौकशी होते. आक्षेप टिकला नाही तर तुम्ही मत देता. नुसतं ओरडून कुणाचं मत थांबत नाही.

आणि "तुमच्या नावावर मत पडलंय" असं सांगितलं तर? तर अजिबात हलू नका. निवडणूक नियम ४९पी म्हणतो की केंद्राध्यक्षांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देऊन तुम्ही ओळख पटवलीत, तर तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका मिळालीच पाहिजे. हे मत मशिनवर नसतं, कागदावर असतं. शिक्का मारून वेगळ्या पाकिटात जातं आणि तुमची सही वेगळ्या यादीवर होते. हे मत नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. निकालाला आव्हान दिलं गेलं तर हायकोर्टापुढे त्याला किंमत येते. राजस्थानात नाथद्वारा इथं २००८ साली विधानसभेला काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मतानं पडले, तिथं या प्रदत्त मतांवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. व्यवस्था अपुरी आहे, खऱ्या मतदाराचं मत त्याच दिवशी मोजायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण तुम्ही परत गेलात तर तुमच्या नावानं कुणी मत टाकलं याचा कागदोपत्री मागमूसच राहत नाही.

यंत्रमागावर, दुकानात, हॉटेलात काम करणाऱ्यांसाठी आता. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब सांगतं की मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची. रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे. पुण्यात कामाला असलेल्या आपल्या पोरांना "इथं कुठं मतदान आहे?" म्हणून सुट्टी नाकारतात. यादीत नाव सोलापुरात असेल तर पुण्यातल्या मालकानंही सुट्टी द्यायची आहे. अपवाद फक्त अशा कामाचा, जिथं माणूस नसला तर धोका किंवा मोठं नुकसान होईल. मालकाला दंड ५०० रुपयांपर्यंत, इतका कमी की भीती वाटावी असा नाही. तो वाढवलाच पाहिजे. तोवर अर्ज लेखी द्या, व्हॉट्सॲपवर का होईना.

मतासाठी वाटल्या जाणाऱ्या पैशाच्या पाकिटाबद्दलही बोलू. देणारा गुन्हेगार आणि घेणाराही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७३ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. पण वस्तीत लोकांना शिक्षेपेक्षा जास्त भीती असते ती "कुणाला टाकलं ते त्यांना कळतं" याची. कळत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२८ नं कर्मचारी आणि एजंट गुप्ततेला बांधलेले आहेत, आणि त्याच कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे तुम्ही कुणाला मत दिलं हे सांगायला कोर्टही भाग पाडू शकत नाही. दृष्टिहीन किंवा अशक्त मतदाराला सोबती नेता येतो, पण सोबती १८ वर्षांचा पाहिजे आणि त्या दिवशी त्यानं एकाच मतदाराला मदत करायची. एकच कार्यकर्ता सगळ्या म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेताना दिसला तर तिथंच हरकत घ्या.

माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी डिसेंबर २०२४ मध्ये देशभर गाजलं. विधानसभेच्या निकालावर शंका म्हणून गावानं स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनानं ते होऊ दिलं नाही. बाजू कुठलीही घ्या, एक नियम प्रत्येकाला माहीत हवा. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मशिनला जोडलेल्या चिठ्ठीच्या यंत्राच्या, काचेत तुम्ही दिलेल्या मताची चिठ्ठी ७ सेकंद दिसते. ती बघा. दुसरंच चिन्ह दिसलं तर लगेच केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी निवेदन घेऊन, एजंटांसमोर तुमच्याकडून चाचणी मत घेतलं जातं. तक्रार खरी निघाली तर त्या मशिनवरचं मतदान थांबतं. खोटी ठरली तर मात्र तुमच्यावर कारवाई, असं निवेदन भरण्याआधी बजावतात. ही अट सामान्य माणसाला गप्प बसवते, ती काढली पाहिजे.

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी कोण बाहेर पडतं? चारनंतर रांगा लागतात आणि सहा वाजले की "बंद झालं" अशी हाकाटी होते. सहाच्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाचं मत घ्यावंच लागतं. केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतात, त्याही रांगेच्या शेवटच्या माणसापासून, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. कडेवर बाळ असलेल्या बायकांना आणि आजारी माणसांना आधी सोडतात. सोडत नसतील तर मागा.

हे सगळे नियम लोकसभा-विधानसभेचे. महापालिकेचं मतदान राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथं काही बाबी वेगळ्या असतात.

घर बदललेल्यांनी यादीतला पत्ता बदलायचा फॉर्म ८ आत्ताच भरा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरतं यादीत नाव चढत नाही आणि कटतही नाही. त्यामुळे मतदानाच्या आदल्या रात्री कुणी येऊन "तुमचं नाव कालच कटलं" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. १९५० या मतदार हेल्पलाइनवर फोन लावा, आणि सकाळी आधार घेऊन रांगेत उभे राहा.