ओढाळ गाडी

ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवता येतं. ओढाळ मोटारसायकलीचं काय करावं, हे मात्र गावात कोणाला विचारू नये. उत्तर मिळतं, आणि ते एकाच वेळी सात जणांकडून मिळतं.

दुखणं ओळखीचंच. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आडवा जातो, नाहीतर पांदणीच्या चाकोरीत साचलेल्या पाण्याखाली गोटा दडलेला असतो. दुसऱ्या दिवशी गाडी सरळ चालते, पण हँडल धुऱ्याकडे, शेताच्या बांधाकडे, बघत असतं. चालवणाऱ्याचा एक कोपर पुढे, एक मागे. जणू लग्नाच्या फोटोत घुसायला जागा करतोय. पानठेल्यासमोर गाडी उभी राहिली, की निदान तयार: "हँडल वाकलं वाट्टे भाऊ." लगेच एक पहिलवान पुढचं चाक मांड्यांत धरतो, एकही बोल्ट ढिला न करता हँडलला हिसका मारतो आणि हात झटकत म्हणतो, "झालं पाह्य सरळ." दोन दिवस तसं वाटतंही. तिसऱ्या दिवशी हँडल पुन्हा धुऱ्याकडे.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हँडलइतकं निरपराध कोणी नसतं. ते वरच्या टीवर, म्हणजे शॉकअपचे पाईप धरणाऱ्या दोन आडव्या पट्ट्यांपैकी वरच्या पट्टीवर, बसलेलं असतं. खाली जे घडलं ते सांगतं, आणि सांगितल्याबद्दल मार खातं. टी, टीत आवळलेले शॉकअपचे दोन पाईप, त्यांवर सरकणारी बॉटम, म्हणजे खालची नळकांडी, आणि दोन्ही पायांना जोडणारा एक्सल, अशी ती एकत्र कुटुंबपद्धती आहे. एक वाकला, की तोंड सगळ्यांचं वाकडं दिसतं.

शॉकअपकडे वळण्याआधी फुकटातले संशयित तपासावेत. पुढच्या टायरात हवा आहे का? 100-125 सीसीच्या बहुतेक गाड्यांना पुढे 25 पीएसआयच्या आसपास लागते. आपल्याकडे ती अंगठा दाबून मोजतात. चेन ताणताना मागचं चाक तिरपं बसलंय का? दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरच्या खुणा सारख्या हव्यात. आणि दुधाची एकच कॅन रोज डाव्या बाजूला टांगत असाल, तर गाडी डावीकडे ओढते ही तक्रार गाडीची नव्हे, कॅनची आहे.

मग घरात गवंडी काम चालू असेल तर गवंड्याची लाइनदोरी मागून आणावी. गाडी डबल स्टँडवर उभी करायची, मागच्या टायरला मागून दोरीचा वेढा घालायचा आणि दोन्ही टोकं दोन बाजूंनी पुढच्या चाकापलीकडे ताणायची. दोरी मागच्या टायरच्या कडेला नुसती टेकली पाहिजे. मध्ये स्टँडला किंवा सायलेन्सरला अडली तर माप खोटं. मागे 3.00 आणि पुढे 2.75 इंच रुंदीचा टायर असेल तर पुढे दोन्ही बाजूंना साधारण 3-3 मिलिमीटर फट दिसायला हवी. चाक दोरीला समांतर, फटी सारख्या, तरी हँडल तिरपं? मग बहुधा पाईप वाकलेले नाहीत, टीत पिळलेत. चाक समांतर होतं पण एकाच दोरीकडे सरकून बसतं, तर मात्र खिसा चाचपावा.

पीळ काढणं सोपं असतं. दोन्ही टीचे पाईप आवळणारे बोल्ट, एक्सलचा नट आणि मडगार्डचे बोल्ट ढिले करायचे. मडगार्ड विसरू नये. तो दोन्ही बॉटमना धरून असतो आणि स्वतः वाकला असेल तर सगळ्यांना आपल्यासारखं करतो. आता, आणि आताच, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करायचं, पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चार-पाच वेळा खाली-वर करायचे आणि मग आवळायचं. पहिलवानाची कृती बरोबरच होती म्हणायची, फक्त पान्हा राहिला होता.

खरा बाक बहुतेक वेळा खालच्या टीच्या लगेच खाली असतो, कारण टी पाईप घट्ट धरते आणि चाकाला बसलेला दणका पाईपाला तिथेच मोडू पाहतो. दोन्ही पाईप सारखेच मागे वाकले, तर गाडी सरळ जाते, हँडलही सरळ राहतं, आणि सात तज्ज्ञांची तोंडं बंद होतात. अशा वेळी गाडीकडे बाजूने बघावं. पाईपांची रेघ चेसीच्या गळ्याला, म्हणजे हँडलखालच्या तिरप्या नळीला, समांतर नसते, चाक इंजिनाकडे सरकलेलं असतं. गाडी चंचल होते, शॉकअप दबतो पण परत यायला कंटाळतो.

तेल गळतंय म्हणजे पाईप वाकलाच, असं मात्र नाही. काळ्या मातीचा चिखल पाईपावर वाळला, की कानसच होते. ती ऑइल सील खाते. नवं सील टाकून आठ दिवसांत त्याच पायातून पुन्हा तेल आलं, तर पाईपवर संशय घ्यावा.

आता काच. खिडकीच्या तावदानाचा सपाट तुकडा खालच्या टीखाली, दोन्ही पाईपांच्या उघड्या भागावर आडवा टेकवायचा. चारही कोपरे टेकले तर ठीक. काच डुगडुगली तर दोन्ही पाय एका पातळीत नाहीत. मिस्त्री काच देतो, पण बजावतो, "फोडली तं पैसे भरजो बाप्पा." चाक काढून, टीचे बोल्ट सैल करून एकेक पाईप जागेवरच फिरवला आणि खालचं टोक गोल गोल नाचू लागलं, तर कबुलीजबाब मिळाला. शेवटी पाईप काढून, पुसून त्याच काचेवर लोळवायचा. सरळ पाईप घरंगळतो, वाकलेला थबकत थबकत जातो आणि खालून उजेड दाखवतो. अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलात पाईपासाठी 0.2 मिलिमीटरची मर्यादा असते. टॅपेटचं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, इथे कामाला येतं. डायल गेज असेल तर लक्षात ठेवावं, पूर्ण फेऱ्यात काटा हलतो तो बाकाच्या दुप्पट.

दोन्ही पाईप सरळ निघाले आणि टीत घातल्यावर एकमेकांकडे पाठ करू लागले, तर टी वाकली. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, कितीही नीट आवळा, हँडल एका बाजूला जड आणि दुसऱ्या बाजूला सैल लागलं, तर टीचा दांडा. चेसीच्या गळ्याजवळ, वेल्डिंगपाशी रंगाला सुरकुती पडली असेल किंवा पापुद्रा निघाला असेल, तर काच गुंडाळून ठेवावी. तो खर्च शॉकअपचा उरलेला नाही.

"ठोकून देऊ?" असं कोणी विचारलं, तर पाईप छातीशी धरावा. हातोड्याने पाईप चपटतो, तापवला तर पोलादाचा दम जातो. प्रेसवर हलका बाक निघतो, पण क्रोमला बारीक चिरा पडल्या तर तिथे गंज आणि पुन्हा सील. घडी पडलेला पाईप कोणत्याच प्रेसवर चढवू नये. नवीनच घ्यावा, आणि तेल दोन्ही पायांत कंपनीच्या मापाने, मिलिलिटरने मोजून भरावं. चहाच्या कपाने नव्हे.

जुना पाईप कोणी भंगारात देत नाही. गोठ्याच्या कोपऱ्यात तो बकरीचा खुंटा म्हणून ठोकला जातो. बकरी डावीकडेच ओढते.