हावरटाची पिशवी

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा ट्रेसबॅक, म्हणजे प्रोग्रॅम कोसळला की छापला जाणारा चुकीचा पाढा, तोंडाळ असतो, पण सज्जन. आरडाओरडा करतो आणि निदान ओळीचा नंबर तरी हातात देतो. खरा छळ होतो तो एकही एरर न देता, शांतपणे चुकीचं उत्तर छापणाऱ्या प्रोग्रॅमचा.

मला वारसाहक्काने मिळालेला कोड नेमका तसा निघाला. काम साधं होतं. पिशवी 50 किलोची. वस्तू तीन: 10 किलोची, मोल 60; 20 किलोची, मोल 100; 30 किलोची, मोल 120. जास्तीत जास्त मोल भरायचं. ग्रीडी, म्हणजे हावरट, पद्धतीने दर किलोमागचं मोल काढायचं, उतरत्या क्रमाने लावायचं आणि मावेल ते उचलत सुटायचं. उत्तर आलं 160. दुसरी आणि तिसरी वस्तू घेतली तर 220 होतात, हे बोटांवर मोजून कळत होतं. बोटं प्रोग्रॅमला हरवत होती!

पहिला संशय क्रम लावणाऱ्या सॉर्टवर. तो आपला चढत्या क्रमाने लावतो. क्रम उलटवणारं रिव्हर्स ट्रू करायचं राहिलं की सगळ्यात रद्दी वस्तू आधी पिशवीत. पण ते केलेलं होतं. मग भागाकार. दोन तिरक्या रेघा असल्या की अपूर्णांक गायब आणि 5.9 चे 5. रेघ एकच होती. यादीतली एकेक वस्तू घेत जाणारा फॉर लूप चालू असताना त्याच यादीतून कुणी रिमूव्ह करतंय का? तसं केलं की यादी सरकते आणि पुढची वस्तू डोळ्यांदेखत निसटते. तेही नाही. शेवटी प्रत्येक ओळीखाली प्रिंट पेरले. सुरुवातीचे सभ्य होते, 'उरलेलं वजन' वगैरे. पुढे 'इथे आलो', 'इथेही आलो' आणि तळाशी नुसतंच 'अरे देवा'.

प्रिंटनी सांगितलं ते असं: दर 6, 5, 4. दहाची उचलली, वीसची उचलली, जागा उरली वीस किलो, तीसची मावत नाही. सगळं शिस्तीत. कोडात बग नव्हताच! हावरटाला हावरटपणा कर म्हणून सांगितलं होतं, तो त्याने इमानदारीत केला.

वस्तू कापायची मुभा असेल तर हीच पद्धत अचूक. तिसरीचे दोन तृतीयांश घ्या, 240 मिळवा. गणितज्ञ डँट्झिग यांनी 1957 मध्ये दाखवलंय. माझी वस्तू अख्खी होती आणि अख्ख्या वस्तूंचा नॅपसॅक, म्हणजे हाच पिशवी भरण्याचा प्रश्न, संगणकशास्त्रज्ञ कार्प यांच्या 1972 च्या 21 महाकठीण प्रश्नांत बसलेला.

डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने, म्हणजे प्रत्येक वजनाला एक रकाना ठेवून त्यात सर्वोत्तम मोल भरत जाणाऱ्या पद्धतीने, 220 लगेच आले. मग कुणीतरी वजनं ग्रॅममध्ये दिली. 50 रकान्यांचे 50,000 झाले, वस्तूही वाढल्या आणि लॅपटॉपचा पंखा उड्डाणाच्या तयारीला लागला.

तेव्हा गुमान हावरटाकडे परतलो. त्याची अब्रू फारच जायची असेल तर एक किलोची, दोन मोलाची वस्तू आणि शेजारी 50 किलोची, 50 मोलाची वस्तू ठेवा. दर किलोला दोन बघून पठ्ठ्या पहिली उचलतो आणि दोन मोलावर तृप्त होतो. यावर एका ओळीचा उतारा आहे: ग्रीडीचं उत्तर आणि मावणारी सगळ्यात मोलाची एकटी वस्तू, यांत जे मोठं ते घ्यायचं. मग सर्वोत्तम उत्तराच्या निम्मं तरी मिळतंच, गणिती हमीसकट.

"बग गेला का?" शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली.

"किमान निम्मा," मी म्हटलं.