गोरिला ट्रेकिंगवरचा तो फॉरवर्ड: थापा किती, खरं किती

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला तो आत्तापर्यंत चार जणांनी पाठवलाय. त्यातला एक माझा सख्खा मामा, कारण मी गेल्या वर्षी युगांडात ब्विंडीला गोरिला बघून आले हे त्याला पक्कं माहितीये. मेसेज थोडक्यात असा: माउंटन गोरिला एक तास बघायला दीड हजार डॉलर घेतात, ते गोरिला पाळलेलेच असतात, केळी टाकून एका जागी बसवतात, सगळा पैसा सरकार खातं, टुरिस्टांमुळे गोरिला संपत चाललेत, त्यापेक्षा गुपचूप झूमध्ये जाऊन बघा.

झूचं आधी उरकते. जगातल्या एकाही झूमध्ये माउंटन गोरिला नाही. झूमध्ये दिसतात ते सखल जंगलातले, वेगळ्या जातीचे. म्हैसूरला २०२१ मध्ये जर्मनीहून दोन आणले, तेही तेच. माउंटन गोरिला फक्त दोन ठिकाणी उरलेत, एक विरुंगाचे ज्वालामुखी, जिथे रवांडा, युगांडा आणि काँगोच्या सीमा भिडतात, आणि दुसरं ब्विंडीचं जंगल. संपला विषय.

आता दीड हजार. हा रेट रवांडाचा, मे २०१७ पासूनचा, त्याआधी साडेसातशे होता. युगांडात परमिट ८०० डॉलरचं आहे, २०२४ च्या जुलैपर्यंत ७०० होतं. स्वस्त आहे असं मी म्हणत नाहीये हां, विमान, पिवळ्या तापाची लस, लॉज वगैरे धरलं तर आमच्या घरात त्या वर्षी नवा फ्रीज आला नाही एवढंच सांगते. पण रेट एवढा का, तर गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसात टुरिस्टांचा एकच ग्रुप भेटतो, त्यात जास्तीत जास्त ८ माणसं, आणि समोर उभं राहायला एक तास, मग घड्याळ बघून बाहेर काढतात. रेट उतरवला तर तेवढीच कमाई करायला माणसं वाढवावी लागणार, आणि मग हाच मेसेज "गोरिलांभोवती जत्रा भरते" म्हणून फिरेल.

केळीवाला मुद्दा वाचून मला खरं तर हसू आलं. गोरिलांना कोणी काही खायला घालत नाही. माणसाची सवय लावतात हे खरं, पण ती अशी की ट्रॅकर रोज त्यांच्या मागे जाऊन लांब बसून राहतात, आधी नर अंगावर धावून येतो, मग हळूहळू दुर्लक्ष करायला लागतो, यात दोन-तीन वर्षं सहज जातात. गोरिला रोज संध्याकाळी नवं घरटं करून झोपतात, त्यामुळे ट्रॅकर पहाटे कालच्या जागेवरून माग काढत निघतात आणि सापडले की गाइडला वॉकीटॉकीवर कळवतात. आम्हाला साडेतीन तास लागले. चिखल, खाजऱ्या पानांसाठी हातमोजे, मुंग्या शिरू नयेत म्हणून पॅन्ट मोज्यात खोचलेली, आणि बॅग घ्यायला गावातला एक पोर्टर पोरगा होता त्यानेच मला दोनदा अक्षरशः ओढून वर घेतलं. त्याच दिवशी दुसऱ्या ग्रुपला त्यांचे गोरिला पाऊण तासात सापडले. बांधून ठेवले असते तर आमचेही सापडले असते की!

आणि गंमत म्हणजे केळीचा संबंध आहे, पण बरोबर उलटा. ब्विंडीतले गोरिला जंगलाबाहेर येऊन लोकांच्या केळीच्या बागा फोडतात, खोडातला गाभा खातात, आणि गावातल्या स्वयंसेवकांना त्यांना परत हाकलत न्यावं लागतं. हत्तींनी बागा आडव्या केलेल्या दोडामार्गच्या लोकांना यातलं दुखणं वेगळं सांगायला नको.

"संपत चाललेत" हे तर सरळ खोटं. १९८१ च्या मोजणीत विरुंगात २५४ होते. २०१५-१६ ला ६०४. ब्विंडी धरून एकूण १,०६३, आणि २०१८ मध्ये त्यांना 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी खाली 'संकटग्रस्त' यादीत आणलं. त्याहून महत्त्वाचं सांगते, विरुंगाच्या १९६७ ते २००८ च्या आकडेवारीत माणसाची सवय असलेले गट वर्षाला साधारण ४ टक्क्यांनी वाढले आणि सवय नसलेले किंचित घटले. कारण साधं आहे, सवय असलेल्या गटाकडे रोज कोणीतरी जातं, हरणासाठी लावलेले फास काढले जातात, फासात हात अडकला तर डॉक्टर जंगलात येऊन बेशुद्ध करून सोडवतो. आणि या बंदोबस्ताचा मोठा भाग परमिटच्या पैशावर उभा आहे. २०२० च्या जूनमध्ये, कोविडमुळे टुरिस्ट बंद होते तेव्हा, ब्विंडीत रफिकी नावाचा सिल्व्हरबॅक, म्हणजे कळपाचा म्होरक्या नर, मारला गेला, रानडुकरांची वगैरे शिकार करायला आत शिरलेल्या माणसाच्या भाल्याने.

पैसा सरकार खातं? बराचसा सरकारी खात्यातच जातो, हो. रवांडात पार्कच्या उत्पन्नातले १० टक्के आसपासच्या गावांना मिळतात, २०१७ च्या आधी ५ होते. युगांडात प्रत्येक परमिटमागे १० डॉलर. ८०० मधले १०! इथे मेसेजवाल्याने आरडाओरडा केला असता तर मीही शेअर केला असता. आणि ज्यांचं जंगल होतं त्या बाट्वा लोकांचं नावही त्या मेसेजमध्ये नाही. १९९१ ला ब्विंडी आणि मगाहिंगा नॅशनल पार्क झाले आणि यांना बाहेर काढलं, जमीन नाही, धड मोबदला नाही. आता त्यातले काही जण टुरिस्टांसमोर नाचून दाखवतात. मी तो कार्यक्रम बघितला, टाळ्याही वाजवल्या, आणि लॉजवर येऊन फार विचित्र वाटलं.

राहिला टुरिस्टांचा धोका. आहे. नीट आहे. पण संख्या घटतेय म्हणून नाही, तर आपला सर्दी-खोकला त्यांना लागतो म्हणून. रवांडात २००९ ला एका कुटुंबात माणसांचाच श्वसनाचा व्हायरस शिरला आणि दोन गोरिला मेले. म्हणून आजारी माणसाला सोडत नाहीत, १५ वर्षांखालच्या मुलांना बंदी आहे, मास्क लागतो, आणि अंतर १० मीटर ठेवायचं. कागदावर १० मीटर. प्रत्यक्षात झाडी इतकी दाट की दहा मीटरवरून नुसती पानं दिसतात, मग सगळे पुढे सरकतात, गाइड मागे व्हा म्हणतो, दोन मिनिटं मागे होतात आणि परत सरकतात. वर पिल्लू स्वतःच चालत आलं तर मागे जायला जागा कुठे असते, मागे उतार. आमच्यातल्या एकाने फोटोसाठी मास्क हनुवटीवर घेतला, गाइडने त्याला झापलं.

मीही काही फार शहाणी नव्हते. माझ्या मोबाइलमध्ये त्या पिल्लाचा फोटो आहे, अंतर तीन मीटरही नसेल. तेव्हा स्टेटसला टाकला होता, आणि पहिला हार्ट मामाचाच होता.