ब्लू बॉटल डसली तर लघवी? अजिबात नको

पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर ब्लू बॉटलचे, म्हणजे जेलीफिशसारख्या डसणाऱ्या समुद्री जीवाचे, निळे फुगे दिसले की फॉरवर्ड हजर: 'ब्लू बॉटल डसली तर जागेवर लघवी करा, ओल्या वाळूने घासा, मग बर्फ. मेलेलीला घाबरू नका.' आता तो घरच्या ग्रुपवर शाळकरी भाच्यांपर्यंत पोचलाय, म्हणून हे लिहिणं आलं.

आधी लघवी. ब्लू बॉटलच्या लांब निळ्या दोऱ्यांवर सूक्ष्म विषपेशी असतात. दोरी कातडीला चिकटते तेव्हा त्यातल्या कितीतरी पेशी फुटायच्या बाकी असतात. समुद्राहून कमी खारट काही त्यांवर पडलं की त्या फुटू शकतात. लघवी कधी पातळ, कधी घट्ट. विष मारणारं तिच्यात काही नाही. बाटलीतलं पिण्याचं पाणीही याच कारणाने नको. आणि रडणाऱ्या पोरावर चारचौघांत हा प्रयोग करायचा, तो कशासाठी?

वाळूने घासणं त्याहून वाईट. दाबाने उरलेल्या पेशीही फुटतात. दोरी चिमट्याने किंवा हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, मग समुद्राच्याच पाण्याने धुवा.

बर्फाचं मात्र अर्धं खरं आहे. गरम पाणी मिळेपर्यंत कापडात गुंडाळून चालेल. पण ऑस्ट्रेलियात ९६ जणांवर झालेली, २००६ साली छापून आलेली चाचणी बघा: ४५ अंशांच्या पाण्याने २० मिनिटांत ८७ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, बर्फाने ३३ टक्के. टपरीवरचं एक मग उकळतं पाणी तीन मग साध्या पाण्यात मिसळलं की साधारण तेवढं होतं. आधी स्वतःचा हात बुडवून बघा. चटका बसत असेल तर थांबा, नसेल तर डसलेला पाय त्यात बुडवा. पाणी निवलं की पाय बाहेर काढून मगच गरम ओता, नाहीतर डंखावर भाजल्याची भर.

व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांत दुमत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मार्गदर्शक सूचना ब्लू बॉटलसाठी ते नको म्हणतात, हवाईतले संशोधक हो म्हणतात. गरम पाण्यावर दोघांचं एकमत.

मेलेली? किनाऱ्यावर सुकत पडलेलीही डसते. फुगा चपलेने फोडायला जाणाऱ्या पोरांना दोरी कुठवर पसरलीय ते दिसत नाही.

श्वास लागला, छातीत दुखलं, चेहरा सुजला, उलट्या झाल्या किंवा डंख डोळ्याला बसला, तर पाणी तापवत बसू नका. थेट १०८.