गरिबाच्या मुलाने खेळायचे, तर पदक दाखवायचे

महाविद्यालयाच्या पारितोषिक वितरण समारंभाहून नुकताच घरी आलो आहे आणि राग उतरलेला नाही, म्हणून जेवणाआधीच हे लिहायला बसलो. आमच्या विद्यार्थ्यांचे एक छोटे मंडळ दर रविवारी सकाळी बांधकाम मजुरांच्या वस्तीत जाते आणि तेथील मुलांबरोबर दोन तास खेळते. लंगडी, लगोरी, विषामृत आणि सगळ्यांत जास्त खो-खो. मंडळाची प्रतिनिधी व्यासपीठावरून अहवाल वाचत असताना प्रमुख पाहुण्यांनी मध्येच विचारले, "यातली राज्य पातळीवर किती गेली?" एकही नाही, असे तिने सरळ सांगितले आणि सभागृहात हशा पिकला. पुढे भाषणात पाहुण्यांनी जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकाचा दाखला दिला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, आणि तुमची मुले मात्र नुसतीच धावतात. त्यापेक्षा तेच दोन तास पाढ्यांना आणि इंग्रजीला द्या, असा त्यांचा सल्ला होता. टाळ्याही पडल्या.

त्या वस्तीतील एका मुलीविषयी मला सांगायचे आहे. नऊ-दहा वर्षांची असेल. आईवडील रविवारीही स्लॅबच्या कामावर असत, त्यामुळे धाकटा भाऊ कायम हिच्या कडेवर. फक्कीच्या रेषेबाहेर उभी राहून ती खेळ बघायची आणि बोलावले की भावाकडे बोट दाखवायची. शेवटी मंडळातल्या एका मुलाने बाळ स्वतःकडे घेतले. बाळाने आकांत मांडला, पण ती पहिल्यांदा चौकोनात जाऊन बसली. खो मिळाला की ती उठायची, दोन पावले धावायची आणि भाऊ दिसतो का, हे पाहायला मागे वळायची. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही, त्यामुळे दर वेळी फाऊल व्हायचा आणि बाकीची मुले ओरडायची. आमच्या विद्यार्थ्यांनी तिच्यासाठी नियम सैल केला नाही. ती ज्या बाजूला तोंड करून बसेल, त्या बाजूच्या रेषेपलीकडे बाळाला घेऊन उभे राहायचे, एवढेच त्यांनी ठरवले. तिचे मागे वळणे थांबले.

आता हे अहवालाच्या कोणत्या रकान्यात भरायचे?

पदकांना किंमत नाही, असे मी म्हणत नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यातून अनेक घरे उभी राहिली, हे मान्य. पाढेही आले पाहिजेत. परंतु आपल्या मुलांच्या बाबतीत आपण ही अट घालतो का? आज हसणाऱ्यांतले अर्धे लोक संध्याकाळी मुलांना पोहायला, स्केटिंगला, क्रिकेटच्या शिबिराला स्वतः गाडीवरून सोडतात, त्यासाठी हजारो रुपये भरतात आणि वर 'अहो, तेवढेच मोकळे होते पोर' असे कौतुकाने सांगतात. तुमचे पोर मोकळे झाले की पैसे वसूल, आणि मजुराचे पोर खेळले की त्याने राज्य पातळी गाठलेली असली पाहिजे! हा न्याय कुठला?

लिहिता लिहिता एक गोष्ट आठवली, तीही सांगितली पाहिजे. पाहुण्यांचे स्वतःचे बालपण हातगाडीवर गेले, असे ते भाषणात म्हणाले. ज्याला लहानपणी खेळायला मिळालेच नाही, त्याला खेळ ही चैन वाटणे मी समजू शकतो. त्यांच्यावरचा माझा राग थोडा निवळला आहे. सभागृहावरचा नाही, कारण तिथे शिक्षक बसले होते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे, असे सांगितले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे एकतिसावे कलम विश्रांती आणि खेळ हा मुलाचा हक्क मानते, आणि भारताने ती संहिता 1992 मध्ये स्वीकारली. हे आपण प्रशिक्षणात ऐकतो, टिपून घेतो आणि चहाला जातो.

शिवाय या विद्यार्थ्यांना यातून काय मिळते? राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत 240 तास भरले की प्रमाणपत्र तरी हाती पडते. या मंडळाला तेही नाही. फक्की स्वतःच्या पैशाने आणतात, खांब म्हणून मुकादमाकडून वासे मागून घेतात. मराठवाड्यातली, छत्तीसगडची आणि तेलंगणाची मुले ज्यांच्यामुळे मैदानात एकाच ओळीत बसून एकमेकांना खो देतात, त्या वीस वर्षांच्या पोरांना भर सभेत हसणे मला सहन होत नाही.

दिवाळीच्या सुमारास ती इमारत पूर्ण झाली आणि मुलीचे कुटुंब दुसऱ्या कामावर गेले. कुठे, ते मुकादमालाही सांगता आले नाही. म्हणजे पाहुण्यांना हवी असलेली निष्पत्ती मोजायला ती मुलगीच आता इथे नाही. मात्र तिच्या मागोमाग आणखी दोन मुली भावंडांना घेऊन येऊ लागल्या आहेत आणि बाळ कोणी सांभाळायचे, याची पाळी मंडळाच्या वहीत आता खेळांच्या आधी लिहिली जाते.

पुढील वर्षापासून अहवालात 'मिळालेली पदके' असा रकाना घालावा, अशी सूचना समारंभानंतर मला करण्यात आली. मी तो घालणार नाही आणि तसे उद्या लेखी कळवणार आहे. या रविवारी परीक्षेमुळे मंडळातील तिघे येणार नाहीत, त्यामुळे बाळे सांभाळायला माणसे कमी पडतील. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी सातला महाविद्यालयाच्या मागच्या फाटकापाशी यावे. खेळता आले नाही तरी चालेल.