बोल्ट मारला म्हणजे झालं?

भूमिगत खाणींवरच्या लेखातलं ‘रूफ बोल्ट मारला की गॅलरीचं छत सुरक्षित’ हे वाक्य पटलं नाही. रूफ बोल्ट म्हणजे गॅलरीच्या, म्हणजे खाणीतल्या बोगद्याच्या, छतात भोक पाडून थर धरून ठेवायला बसवलेला पोलादी दांडा. सैल झालेल्या थरापेक्षा बोल्ट आखूड पडला, तर तो अख्खा थर बोल्टसकट खाली येऊ शकतो. शिवाय सुरुंगाने पडलेले तडे तेवढेच राहत नाहीत. शेजारचे पिलर, म्हणजे छताच्या आधाराला सोडलेले खांब, काढायला घेतले की भार सरकतो आणि तडे वर वर चढतात.

चंद्रपूरकडच्या भूमिगत खाणीत मी नोकरी केली. पावसाळ्यात दमट हवा आत आली की शेलचं, म्हणजे पातळ थरांच्या मऊ खडकाचं, छत पापुद्रे सोडायचं. शिफ्ट सुरू होताना सब्बलीने छत ठोकायचो. खणखणीत वाजलं तर ठीक, भद्द आवाज आला की आधी तो दगड पाडायचा, मगच काम. या ठोकून बघण्याबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.